आज काय आलंय? सोलापूरहून मालवणला जाणाऱ्यांसाठी

कडक भाकरीचा डबा कोकणात कशाला न्यायचा, तिथं काय खायला मिळत नाही का, असं मिस्टर निघायच्या आदल्या रात्री दोनदा म्हणाले. सासूबाईंनी ऐकलं नाही. पंचवीस कडक भाकरी, शेंगा चटणीची बरणी, दहा-बारा शेंगापोळ्या, सगळं मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून त्यांनी गाडीत स्वतःच्या पायाशी ठेवलं. त्या डब्याचं पुढं काय झालं ते येईलच, पण बऱ्याच जणींनी विचारलंय की मालवणला गेलात तर काय काय खाल्लं, कुठला बीच चांगला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही सातजण होतो. आम्ही दोघं, आमचा मुलगा, सासूबाई आणि शेजारच्या वहिनी, भाऊजी, त्यांची पोरगी. वहिनींचं घर लिंगायत, अंडंसुद्धा चालत नाही, आणि त्यांची निघण्याआधीपासून एकच काळजी की आम्ही तिथं तीन दिवस काय खायचं, वरणभातच ना. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं अशी घरं भरपूर आहेत आणि कोकण म्हटलं की ते लोक आधीच नको म्हणतात. नका म्हणू. का ते सांगते पुढं.

मार्चचा पहिला आठवडा होता, सोलापुरात ऊन चटके द्यायला लागलेलं. पहाटे साडेपाचला निघालो, मंगळवेढ्याला उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळी रानं आणि ज्वारी काढून कडब्याची बुचाडं उभी केलेली. मग सांगोला, मिरज, कोल्हापूर, तिथं मिसळ, पुढं राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरलं की कणकवली, कसाल आणि मालवण. पावणेचारशे-चारशे किलोमीटर होतं, थांबत थांबत गेलं तर सगळा दिवस जातो. पण घाट उतरताना एक गंमत असते बघा, खिडकीतनं येणारी हवाच बदलते, ओली होते, आणि माती एकदम लाल, घरं जांभ्या चिऱ्याची, जिकडंतिकडं माड. मुलगा म्हणाला मम्मी आपण महाराष्ट्रातच आहोत ना अजून.

घाट उतरल्यावर दोन वाजले होते, सगळ्यांना भूक लागलेली, रस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरलो आणि आम्ही मासे खाणाऱ्यांनी बिनधास्त सुरमई थाळी सांगितली. मोठा तुकडा आला, रवा लावून तळलेला, दिसायला एकदम झकास. आतनं कोरडा. चव अशी नाहीच, नुसता मसाला लागत होता. एवढ्या लांबून येऊन हे खायचं तर सोलापुरात बर्फाच्या पेटीतनं येणारा मासा काय वाईट होता, असं वाटून मन खट्टू झालं.

राहायला आम्ही मालवणातच एका घरी उतरलो होतो, चिवला बीचपासून चालत पाच मिनिटं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, स्वयंपाक घरच्या काकू करतात. संध्याकाळी मी विचारलं, काकू रात्री सुरमई किंवा पापलेट मिळेल का. त्या म्हणाल्या, "फ्रीजातली सुरमय कित्याक? आज काय इला ता बघूया." म्हणजे फ्रीजमधली सुरमई कशाला, आज काय आलंय ते बघू. आणि मला सरळ बंदरावर घेऊन गेल्या. माझ्यासाठी सगळी ट्रिप तिथनं सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

मालवणच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो एकदा तरी बघा. होड्या येतात, टोपल्या उतरतात, बायका गोल करून उभ्या असतात, भाव इतक्या पटापट बोलतात की आपल्याला आकडा कळायच्या आत मासा विकलेला असतो. आपल्याला माहिती काय तर उजनीचा चिलापी, कटला, मरळ, फार तर पुण्याला जाताना भिगवणला थांबून खाल्लेले मासे. इथं पेडवे म्हणजे छोटे मासे चांदीसारखे चमकत होते, बांगडे होते, मोरी म्हणजे छोटा शार्क, सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे अजून नांग्या हलवत होत्या. काकूंनी बांगडा हातात धरून दाखवला, डोळा स्वच्छ पाहिजे, कल्ला उचलला की आत लालभडक पाहिजे, आणि शेपटीकडं वाकता कामा नये, ताठ राहिला पाहिजे. सुरमईचा मोठा मासा होताच, तो लिलावातनं बाहेरगावच्या पेटीत गेला. काकूंनी बांगडे घेतले.

त्या रात्री बांगड्याचं तिखलं खाल्लं. हे नाव नुसतं लिहून ठेवा आणि गेलात की मागा. फार पाणी नाही, लाल मिरची, ओलं खोबरं, आंबटपणाला कोकम, आणि त्यात तिरफळ. तिरफळ म्हणजे छोटी वाळलेली फळं, आतलं काळं बी काढून टाकायचं आणि वरचं टरफल थोडं ठेचून घालायचं, खायचं नाही, नुसता त्याचा वास आणि जिभेला येणारी बारीक झिणझिण. बांगडा, पेडवे असे तेलकट मासे असले की तिरफळ हवंच, त्यानं त्यांचा उग्र वास मारला जातो, पापलेटला सहसा घालत नाहीत. सोबत तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. सासूबाई पहिला घास खाऊन काही बोलल्याच नाहीत, दुसरी वाटी पुढं केली.

मग सासूबाईंनी डबा उघडला. काकूंना कडक भाकरी काय असते माहीतच नव्हतं, पापडासारखी भाकरी बघून त्या वाजवूनच बघत होत्या. सासूबाईंनी दाखवलं कशी चुरायची, आणि काकूंनी ती चुरली कशात, तर माशाच्या कढीत. आम्ही जन्मभर कडक भाकरी आमटीत, दह्यात, मटणाच्या रश्शात खाल्ली, माशाच्या नारळाच्या कढीत कधी नाही. खरं सांगते, एक नंबर लागते, ज्वारी ती कढी सगळी ओढून घेते आणि तरी लगदा होत नाही. काकूंच्या घरची चार माणसं आणि आम्ही, त्या एका रात्रीत निम्मा डबा संपला.

आता वहिनींचं. काकूंना आधी फोनवर सांगितलं होतं की तिघं शाकाहारी आहेत, भांडी वेगळी ठेवा, त्यांनी वेगळी चूल म्हणजे गॅसची वेगळी शेगडीच ठेवली होती. हे आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे, ऐनवेळी सांगितलं तर कोणीही बटाट्याची भाजीच देणार. पहिल्या रात्री काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. लोक कोंबडी-वडे म्हणून ओळखतात ते हेच वडे, तांदूळ, उडीद, हरभरा डाळ, धणे-मेथी भाजून दळलेल्या पिठाचे, हळदीनं पिवळे, टम्म फुगलेले. कोंबडीच पाहिजे असं काही नाही, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत ते तितकेच जातात, उलट मला तर तेच जास्त आवडलं. सकाळी घावणे आणि खोबऱ्याची चटणी, घावण म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचं जाळीदार, आपल्या धिरड्यापेक्षा नाजूक. दुसऱ्या दुपारी फणसाच्या कुयरीची भाजी, म्हणजे कोवळा फणस.

आणि ओल्या काजूची उसळ! मार्चमध्ये गेलात तर हीच खायला जा. वाळलेला काजू आणि ओला काजू यांचा काही संबंध नाही, ओला काजूगर मऊ असतो, थोडा गोडसर, खोबऱ्याच्या वाटणात शिजला की मटण बाजूला ठेवावं असा. ताटात महाग वाटते ही उसळ, भाऊजींनी पण विचारलं एवढी का. काकूंनी हात दाखवले. हिरवी बी कापून गर काढायचा, तर सालातला चीक कातडी भाजतो, बोटांना तेल लावलं तरी काळे डाग पडतात आणि साल निघते. गर बाजारात मोजून विकतात, शेकड्यावर. त्यानंतर वहिनींनी ताटात एक गर ठेवला नाही. तुम्ही पण टाकू नका आणि भावात घासाघीस करू नका.

गोडात दोन गोष्टी सांगते. एक शिरवाळे, तांदळाच्या उकडीच्या शेवया लाकडी साच्यातनं दाबून काढतात आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून केलेल्या रसात बुडवून खातात. दुसरी खापरोळी, ही खास मालवणची, तांदूळ-उडदाचं जाड लुसलुशीत आंबोळीसारखं आणि तोच गुळाचा पिवळसर रस, स्पंजासारखी रस पिते. वहिनींची पोरगी जी घरी दूध प्यायला रडते ती दोन वाट्या रस प्यायली. सोलापुरात आपण प्रत्येक गोष्टीत शेंगदाण्याचं कूट घालतो ना, भाजीत, आमटीत, चटणीत, तसं यांचं नारळाचं आहे, वाटणात खोबरं, कढीत दूध, गोडात रस, माणसाच्या दारात जे उभं असतं तेच ताटात येतं. हे कळल्यावर मला तिथलं जेवण एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

बीचवर जायचं तर आधी भरती-ओहोटी समजून घ्या. काकूंच्या मिस्टरांनी आम्हाला एक हिशोब शिकवला तो मी कॅलेंडरवर लिहूनच ठेवलाय. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. थोडंफार इकडंतिकडं होतं पण अंदाज बरोबर येतो. आपल्याकडं पंचांग एकादशी आणि संकष्टीला बघतात, तिथं समुद्राचं घड्याळ म्हणून बघतात, मला हे फार भारी वाटलं.

चिवला बीच मला सगळ्यात आवडला, राहायला होतो म्हणून नाही, तिथं सकाळी रापण बघायला मिळाली म्हणून. होडीतनं जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, मग दोन्हीकडं माणसं ओळीनं उभी राहून ओढत एकमेकांकडं सरकतात. तास-दोन तास चालतं. म्हातारी माणसं, बायका, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं, सगळे ओढतात. माझा मुलगा आणि मिस्टर पण दोराला लागले. जाळं जवळ यायला लागलं की पाणी उकळल्यासारखं दिसतं, आत हजारो पेडवे उड्या मारत असतात, वरनं पक्षी घिरट्या घालतात. जो ओढेल त्याला थोडं म्हावरं मिळतं, मुलाच्या हातात एका आजोबांनी दोन ओंजळी पेडवे दिले आणि तो ते शर्टात धरून पळत घरी आला. काकूंनी नाश्त्यालाच तळून दिले. आजवर मी खाल्लेला सगळ्यात ताजा मासा तोच, आणि बाजारात त्याला सुरमईच्या मानानं काहीच किंमत नाही. फक्त एक, रापण चालू असताना जाळ्यावरनं ओलांडून फोटो काढत फिरू नका, त्यांची दिवसाची कमाई त्यात असते.

तारकर्ली मालवणपासून जवळच, सहा-सात किलोमीटर. वाळू पांढरी, पाणी स्वच्छ, सुरूची झाडं. शनिवार-रविवारी गर्दी खूप, सकाळी सातच्या आत जा. पुढं देवबाग, ती जमीन म्हणजे अशी चिंचोळी पट्टी आहे की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, काही ठिकाणी मधे उभं राहिलं तर दोन्ही दिसतात. टोकाला संगम. संगमाजवळच वाळूचा एक पट्टा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं तिथले लोक सांगतात. ओहोटीला गेलं तर उतरून फिरता येतं, म्हणून वर सांगितलेला हिशोब कामाला येतो. आम्ही होडीनं सकाळी दहाला गेलो, पाणी घोट्यापर्यंत, दोन्ही पोरं तासभर खेळली.

पण संगमावर पोहायला उतरू नका, प्लीज. नदी आणि समुद्र मिळतात तिथं ओढ असते, वरनं पाणी शांत दिसतं आणि खालनं पाय ओढले जातात. आपल्याला विहिरीत, कॅनॉलला पोहायची सवय असते आणि वाटतं पोहता येतं की. समुद्राचं वेगळं आहे. तिथला माणूस नको म्हणाला की नको, त्याच्याशी वाद घालू नका, लाइफ जॅकेटची बंदं नीट बांधा, पोरांची स्वतः तपासा.

सिंधुदुर्ग किल्ला तर बघणारच तुम्ही, त्यावर फार लिहीत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, तटाच्या पायाला शिसं ओतलंय. मला सगळ्यात नवल वाटलं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्या विहिरीच्या काठावर उभं राहून काय वाटतं ते मला सांगता येणार नाही, सासूबाई तिथं हात जोडून उभ्या राहिल्या. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पण बघा. टोपी आणि पाणी न्या, सावली कमी आहे.

तिसऱ्या दिवशी निवती आणि भोगवे. भोगवे देवबागच्या संगमावरनं समोर दिसतं पण गाडीनं मोठा वळसा पडतो. पडू दे. निवतीच्या किल्ल्यावर थोडंसं चढून गेलं की खाली भोगव्याचा सगळा किनारा दिसतो, हिरवे डोंगर, माड, मग वाळू, मग पाणी, आणि लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक. गर्दी नाही, भोंगे नाहीत, चौपाटीवर भेळपुरीच्या गाड्या नाहीत. आम्ही तिथं वाळूत बसून उरलेल्या शेंगापोळ्या खाल्ल्या, कागद पिशवीत घालून परत आणले. तिथं कोणी झाडायला येत नाही, टाकलं की समुद्रात.

येताना शिरोड्यावरनं आलो. वेळागरचा किनारा लांबलचक आणि शांत आहे, पण मला तिथली मिठागरं बघायची होती. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, त्यातनंच पुढं १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना फाशी झाली. त्यांच्या नावाच्या चार हुतात्मा चौकातनं आपण रोज गाडीवरनं जातो. एक गाव समुद्राकाठचं, एक गिरणीवाल्यांचं, आणि एकाच महिन्यात दोन्हीकडची माणसं रस्त्यावर उतरली. मिठागराच्या बांधावर उभं राहून मुलाला हे सांगितलं, त्यानं थोडं मीठ बोटानं उचलून चाखलं.

परत सावंतवाडी, आंबोली, आजरामार्गे आलो. आणायचं काय तर कोकमाचं आगळ, अमसुलं, तिरफळ, मालवणी मसाला आणि खाजा. आगळ आणि कोकम सरबत यात गोंधळ करू नका, आगळात मीठ असतं, साखर नसते, सोलकढीला तेच लागतं. खाजा म्हणजे बेसनाच्या जाड शेवेच्या कांड्या गुळाच्या पाकात आलं घालून घोळवलेल्या, प्रवासात टिकतो.

जायचा विचार असेल तर मेच्या मध्यापर्यंत उरका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पावसात किल्ल्याची होडी पण बंद, तेव्हा कोणी तुम्हाला ताजी सुरमई म्हणून ताटात वाढली तर ती कुठली ते तुम्हीच ओळखा. एप्रिल-मेमध्ये हापूस असतो, ओला काजू मात्र सरत आलेला असतो, त्यामुळं काय खायचंय ते आधी ठरवा आणि मग तारीख.

घरी येऊन मी सोलकढी केली, आगळ, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची. रंग आला, चव जवळपास आली. वहिनींनी ओल्या काजूऐवजी वाळलेले काजू रात्रभर भिजवून उसळ केली, ती काही तशी नाही झाली. परवा काकूंना फोन केला तर म्हणाल्या तिरफळ हवाबंद ठेव, आणि आज काय केलंस. मी म्हटलं शेपूची भाजी, भाकरी. त्या म्हणाल्या पुढच्या खेपेला येताना ती वाजणारी भाकरी आण, घरातले रोज विचारतात. सासूबाईंनी लगेच मोठा डबा घासून उन्हात ठेवलाय.